बाईंना आणायचं राहिलं

पायलटना विमानाच्या आसपास कुणी कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या बसचा काटा चाळीसच्या वर गेला नाही, म्हणून डेपोतल्या कुणा वात्रट माणसानं हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं की सिनेगॉगमध्येही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरातही, सगळे त्यांना पायलटच म्हणायचे. त्यांची बायको मात्र लहानथोर सगळ्यांची वहिनी.

पायलट निवृत्त झाले तेव्हा मंडळीनं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आठ सीटांची एक व्हॅन घेतली आणि ती त्यांच्या हाती दिली. मंडळी म्हणजे सिनेगॉगला येणारी साठ-पासष्ट घरं. त्यातल्या निम्म्या घरांत एकटी माणसं, मुलं केव्हाच दूर गेलेली. कुणाला डोळे दाखवायला न्यायचं, कुणाला पट्टी बदलायला. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेला दहा पुरुष भरले नाहीत तर अर्धी प्रार्थना म्हणताच येत नाही, आणि दहावा माणूस बहुतेक वेळा पायलटच्या गाडीतूनच उतरायचा. चौदा वर्षं हे चाललं. फोन वहिनी घ्यायच्या, कागदावर दिवस-वेळ लिहायच्या, आणि पायलट किल्ली फिरवत निघायचे.

वहिनींचं स्वतःचं काम शिवणाचं. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीवर हँगरना लटकलेल्या लोकांच्या पँटी, आखूड करायच्या किंवा चेन बदलायच्या. मंडळीतल्या कुणाचं निधन झालं की शेवटचे पांढरे कपडेही त्याच शिवायच्या. त्या कपड्यांना खिसा नसतो आणि दोऱ्याला गाठ मारायची नसते. बाईमाणूस गेलं की तिला आंघोळ घालणाऱ्या चौघींपैकी वहिनी एक होत्या. या कामाचे कुणी आभार मानत नाही, कारण ज्याच्यासाठी ते करायचं तो मानू शकत नाही. वहिनींना ते बरं वाटायचं.

विसरण्याची सुरुवात आदल्या हिवाळ्यात झाली. पायलट एका ओळखीच्या चौकात थांबले, सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि ते शांतपणे म्हणाले, "आता इथून कुठं?" वहिनी नेमक्या शेजारी होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक फेरीला शेजारच्या सीटवर बसू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "घरात बसून काय करू? तेवढीच हवा." लोक हसायचे, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणायचे. वहिनीही हसायच्या आणि तोंड समोर ठेवूनच पुटपुटायच्या, "अहो, डावीकडे."

आठवड्यातून तीनदा गणिताच्या बाईंना डायलिसिसला न्यायचं असायचं. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना या बाईंनी शाळेत शिकवलेलं. लग्न केलं नाही, मागं एक भाची, तीही दुसऱ्या गावी. दोन्ही किडन्या गेलेल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या पायलटच्या बरोबर मागं बसायच्या आणि सांगायच्या, "पायलट, पुढच्या चौकात उजवीकडे. उजवीकडे म्हणजे आपण ज्या हातानं सही करतो तो." पायलट खळखळून हसायचे. वहिनींना कळायचं की बाईंना कळलंय. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी वहिनींना तापानं उठवेना. त्यांनी चिठ्ठी लिहिली, "साडेचार. दवाखाना. बाईंना आणायचं." आणि ती व्हॅनमध्ये स्टिअरिंगच्या वर चिकटवून यायला पायलटना सांगितलं. दुपारी बाराला पायलटनी बाईंना व्यवस्थित सोडलं. घरी येऊन जेवले. सव्वाचारला पुन्हा बाहेर पडले. पाचच्या सुमारास दार वाजलं, किल्ली खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला.

"झालं का हो?" वहिनींनी आतल्या खोलीतून विचारलं.

"झालं."

वहिनींनी गोळी घेतली आणि झोपून गेल्या.

साडेसातला दवाखान्यातून फोन आला. बाई फाटकापाशी पडल्या होत्या. पाऊस नव्हता, पण कुणीतरी पाणी सांडलेलं आणि फाटकाचा उतार निसरडा झालेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या बसच्या थांब्याकडे निघाल्या होत्या.

वहिनी अंगावर शाल घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. पायलट वर्तमानपत्र वाचत होते. तेच पान, जे सकाळी वाचलं होतं.

"अहो, बाईंना कुठं सोडलंत?"

"घरी. दुसरं कुठं?"

"दारापर्यंत गेलात?"

"असं काय विचारतेस? रोजचंच ना ते." त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेशही नव्हता. तेच वाईट होतं.

वहिनींनी त्यांचा फोन उचलून पाहिला. बाईंचे तीन फोन येऊन गेले होते. चार पन्नासला, पाच वीसला, सहा पाचला. तिन्ही उचललेले. शेवटचा फोन आला तेव्हा पायलट याच खुर्चीत होते, आणि बायको भिंतीपलीकडे झोपलेली. ते काय म्हणाले असतील हे वहिनींना ऐकू आल्यासारखं झालं, कारण चौदा वर्षं ते प्रत्येकाला तेच म्हणत आले होते, "आलोच, पाच मिनिटांत." आणि फोन ठेवला की ती पाच मिनिटं डोक्यातून पुसली जात असणार.

वहिनींनी ते तिन्ही फोन यादीतून काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताप अंगावर काढूनच, त्या दवाखान्यात गेल्या. वॉर्डाच्या दाराशी दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मंडळीतली सेवेची सगळी कामं त्या बघायच्या, आंघोळ घालणाऱ्या चौघींतही त्याच मोठ्या. त्या वैतागल्या होत्या. "बघा ना वहिनी, हट्टी किती! म्हणे, मीच पायलटना फोन करून सांगितलं की येऊ नका, मी बसनं जाईन, जरा चालणं होईल. चार तास मशीनला लावून घेतल्यावर चालायला जातात का कुणी?"

डॉक्टरीणबाई गेल्यावर वहिनी आत आल्या आणि पलंगाशी उभ्या राहिल्या. बाई पाठीवर पडून छताकडे बघत होत्या. पाय वजन लावून ताणलेला.

"बसा," बाई म्हणाल्या. "ताप उतरला?"

"बाई, तुम्ही असं का सांगितलंत?"

"हळू बोला."

"टॅक्सी का नाही केलीत?"

"तो येतो म्हणाला होता. मी निघून गेले असते आणि तो येऊन शोधत बसला असता तर? तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा कळलं की तो येणार नाही. आवाजावरूनच कळलं. त्याला मी कोण हेच कळलं नव्हतं. 'हो ताई, आलोच' म्हणाला. मला तो कधी ताई म्हणतो का?"

वहिनी रडू लागल्या. बाईंनी जरा वेळ रडू दिलं आणि मग वर्गात गप्प बसवावं तसं म्हणाल्या, "पुरे. हे बघा, हिशेब सोपा आहे. गाडी काढून घेतली की तो माणूस सहा महिन्यांत संपेल. मी अशीही वर्षभराचीच होते. तुम्ही गप्प राहायचं आणि त्याला एकट्याला सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं," वहिनी म्हणाल्या. शाळेतल्या मुलीसारख्या.

नंतर त्यांना वाटत राहिलं की त्याच क्षणी उठून डॉक्टरीणबाईंना गाठायला हवं होतं. पण बाईंनी सांगितलं होतं, आणि ते ऐकणं सोपं होतं. पुढचे तीन आठवडे पायलट गाडी चालवत राहिले आणि वहिनी शेजारी बसत राहिल्या. त्यांचा हात सतत हँडब्रेकजवळ असे. मंडळीनं बाईंच्या पलंगाशी पाळ्या लावल्या. सकाळी कुणी सूप घेऊन जायचं, दुपारी कुणी वाचून दाखवायचं. ऑपरेशन झालं. त्यानंतर छातीत पाणी झालं. चोविसाव्या दिवशी पहाटे बाई गेल्या.

आंघोळीची खोली कबरस्तानाच्या फाटकालगत होती. पांढऱ्या फरशा, मधे दगडी ओटा, कोपऱ्यात नळ आणि तीन बादल्या. सकाळी नऊला चौघी जमल्या: डॉक्टरीणबाई, ग्रंथपालबाई, बेकरीवाली आणि वहिनी. कपडे वहिनींनी रात्रभरात शिवले नव्हते, ते कपाटात तयारच असायचे. बाईंच्या मापाचा जोड दोन वर्षांपूर्वीचा होता. बाईंनी तो एकदा हातात घेऊन पाहिला होता आणि बाही जरा लांब आहे म्हणाल्या होत्या.

या खोलीत कामापुरतंच बोलायचं असतं. अंगावर चादर ठेवायची, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा, पुन्हा झाकायचा. देहावरून कुणी काही पलीकडे द्यायचं नाही, हवं असेल तर वळसा घालून जायचं. डोक्यापासून सुरुवात, मग उजवी बाजू, मग डावी. ग्रंथपालबाईंनी केस विंचरले. बेकरीवाली सगळ्यांत तरुण, तिच्या हातात तांब्या होता आणि तिला बाईंनी भागाकार शिकवला होता. ती नाकानं श्वास ओढत होती, पण पाण्याची धार हलू देत नव्हती.

डावी बाजू वहिनींकडे आली. त्यांनी चादर बाजूला केली. खुब्यावर टाके होते आणि त्याभोवती मांडीपर्यंत उतरलेला डाग, कडांना पिवळा, मधे अजून काळा. वहिनींनी ओल्या फडक्यानं तो पुसला, जसं काही तो पुसला जाणार होता. एकदा पुसला, पुन्हा पुसला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटाला हात लावला, तेव्हा त्या थांबल्या.

पांढरे कपडे चढवून झाले. बाही खरंच लांब होती. शेवटी रिवाज असा, की चौघींनी ओट्याशी उभं राहायचं, गेलेलीचं नाव घ्यायचं, अमक्याची मुलगी म्हणून हाक मारायची, आणि तुझा मान राखण्यात आमच्याकडून काही उणं पडलं असेल तर क्षमा कर, असं म्हणायचं. वहिनींनी आजवर हे कितीदा तरी म्हटलं होतं. या खेपेला त्यांनी नाव घेतलं, क्षमा हा शब्द घेतला, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

"बसनं जायला निघाल्या नव्हत्या त्या," वहिनी म्हणाल्या. "हे विसरले त्यांना. तीन वेळा फोन केला त्यांनी. तिन्ही वेळा हे आलोच म्हणाले. मी त्या फोनची नोंद पुसून टाकली."

खोलीत नळ थेंब थेंब गळत होता. कुणी वळून पाहिलं नाही. तिघींचेही डोळे बाईंवरच होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागच्या हिवाळ्यात, तुम्ही सोबत यायला लागायच्या आधी, पायलटनी मला सिनेगॉगऐवजी बस डेपोत नेलं. उतरून फाटकवाल्याशी गप्पा मारायला लागले. मी हसण्यावारी नेलं. कारण दुसऱ्या दिवशी आईला न्यायचं होतं."

"माझ्या वडिलांना तेव्हाच त्यांनी एकाच दिवशी दोनदा प्रार्थनेला आणलं," बेकरीवाली म्हणाली. "बाबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नाहीतर गाडी बंद होईल."

ग्रंथपालबाईंनी फक्त मान खाली घातली, आणि त्यावरून कळलं की त्यांच्याकडेही असंच काहीतरी होतं.

वहिनींना वाटलं होतं की बोलून टाकलं की एकतर या बायका तोडून बोलतील, नाहीतर जवळ घेतील. तसं काहीच झालं नाही. वर्षभर साठ घरांना माहीत होतं आणि साठही घरं एकेकटी गप्प होती, एवढंच हाती लागलं. डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या कपाळावरची चादर नीट केली आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणू या. चौघी मिळून." आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून.

दफनाला भाची आली. पस्तीस-छत्तिशीची, नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला. नियमाप्रमाणे मावशीसाठी सात दिवस सुतकात बसायची तिला गरज नव्हती, पण ती बसली, कारण बसायला दुसरं कुणीच नव्हतं. मंडळीनं तिला एकटं पडू दिलं नाही. रोज संध्याकाळी दहा माणसं प्रार्थनेला जमायची, स्वयंपाकघरात डबे मावेनात. चौथ्या दिवशी दुपारी वहिनी गेल्या. भाची बुटक्या स्टुलावर बसली होती, समोर मावशीच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा.

वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठ्ठी, ताप, तीन फोन, पुसलेली नोंद, बाईंनी घातलेली शपथेसारखी अट. काही लपवलं नाही, आणि नवऱ्याची बाजूही मांडली नाही.

भाचीनं मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "ती किती वेळ थांबली होती तिथं?"

"दीड-पावणेदोन तास."

"आत की बाहेर?"

"बाहेर. फाटकाशी. गाडी दिसावी म्हणून."

भाचीनं वही मिटली. "मला मावशी म्हणाली होती की चालावंसं वाटलं म्हणून निघाले. त्या एका गोष्टीचं मला बरं वाटायचं. की शेवटी तरी तिनं मनासारखं काहीतरी केलं." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही हे मला आज का सांगितलंत? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

वहिनींनी हातातला डबा तिच्यापुढे ठेवला.

"आता जा तुम्ही," भाची म्हणाली. "डबा राहू दे. नाही, डबाही न्या."

वहिनी डबा घेऊन घरी आल्या. पायलटनी विचारलं, काय आणलंस, आणि त्यांनीच तो खाल्ला.

किल्लीचं काम सुतक संपल्यावर झालं. डॉक्टरीणबाई आणि ग्रंथपालबाई घरी आल्या. पायलटना वाटलं, कुठंतरी न्यायचंय. ते उठून खिळ्याकडे निघाले. "बसा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रुग्णाला दात काढायचाय हे सांगावं तशा सरळ शब्दांत त्यांनी सांगितलं: तुम्हाला विसरायला होतंय, गाडी आता तुम्ही चालवायची नाही, चूक तुमची नाही, आम्ही उशीर केला.

पायलटनी बायकोकडे पाहिलं. "माझ्या हातून कुणाला लागलं का?"

तिघींपैकी कुणीही पटकन बोललं असतं तर बरं झालं असतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "हो. बाईंना आणायचं राहिलं. त्या पडल्या. गेल्या त्या."

पायलटनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मोठी बस उभी करून झाल्यावर ड्रायव्हर ठेवतो तसे. आणि एखादं जुनं इंजिन घरघरावं तसा त्यांच्या छातीतून आवाज निघू लागला. वहिनींनी पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. किल्ली पायलटनी स्वतःच काढून दिली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते बूट घालून तयार. "चल, बाईंना न्यायचंय ना दवाखान्यात?"

वहिनींनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या खेपेला वहिनी शिलाई मशीनवरून न उठता म्हणाल्या, "बाई आज यायच्या नाहीत. बूट काढा." आणि पायलट बरं म्हणाले. त्या दिवसापासून वहिनींनी खरं सांगणं सोडून दिलं.

व्हॅन चालवायला रोज माणूस मिळेना. कधी बेकरीवालीचा नवरा, कधी टॅक्सी, कधी कुणीच नाही. दोन म्हाताऱ्यांनी गुरुवारी यायचं बंद केलं, आणि कित्येक गुरुवारी नऊजण तासभर दाराकडे बघत बसायचे आणि उठून घरी जायचे. पायलटसाठी मात्र मंडळीनं पाळ्या लावल्या. आठवड्यातून चार दिवस कुणीतरी येऊन त्यांच्याजवळ बसायचं, म्हणजे वहिनींना शिवण उरकता यायचं. पायलटना वाटायचं, ही माणसं गाडीची वाट बघतायत. ते त्यांना धीर द्यायचे, "निघू हं, पाच मिनिटांत." ग्रंथपालबाईंना हे ऐकवायचं नाही. त्या पुस्तक उघडून त्यात तोंड घालायच्या.

वर्षानं बाईंच्या कबरीवर दगड बसवला. बाईंचा हिशेब सहा महिन्यांनी चुकला होता, पायलट अजून होते, फक्त त्यांना आता वहिनीही ओळखू येत नव्हत्या. भाची सकाळच्या गाडीनं आली. प्रार्थना झाली, लोक पांगले. ती वहिनींजवळून जाताना थांबली.

"कसे आहेत ते?"

"आहेत."

भाचीनं मान हलवली. आणखी काहीतरी बोलेल असं क्षणभर वाटलं. मग तिनं कोटाची बटणं लावली, "मला गाडी गाठायचीय," म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली. वहिनींनी घड्याळात पाहिलं. पायलटपाशी बसलेल्या ग्रंथपालबाईंची पाळी बाराला संपत होती आणि त्यानंतर त्या दिवशी कुणाची पाळी नव्हती. वहिनीही निघाल्या.